धुतलेलं पेट्रोल

मी खोटं बोललो होतो. हातात चहाचा कप होता, समोर आप्पा होते, आणि मी सहज म्हणून गेलो, "धुतलेलंच भरलंय, आप्पा." त्या एका वाक्यापायी एका भल्या माणसाने पुढं दोन वर्षं स्वतःला दोष दिला. मनातल्या मनात नव्हे, दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला सांगून दिला. आणि मी त्यांच्याच गादीवर मांडी घालून ते ऐकत राहिलो. माझ्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच आहे. बाकी सगळं आप्पांबद्दल.

बसवंतआप्पांचं कापडाचं दुकान ढोकीच्या बाजारपेठेत आहे. दुकानामागं त्यांचं घर, मग एक बोळ, आणि बोळाच्या पलीकडं माझं घर. आप्पा आजही त्या गादीवर बसतात. मी मात्र बोळ ओलांडत नाही. ते का, हे पुढं येईलच.

अंगानं धिप्पाड, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात पांढरा सदरा, आणि एवढ्या देहातून येणारा बारीक, जवळजवळ बायकी आवाज. त्यांचं आजोळ कलबुर्गीकडचं, त्यामुळं बोलता बोलता कानडी शब्द यायचे. मनासारखं झालं की "साकु" म्हणायचे, म्हणजे पुरे, बास. घाई हा प्रकार त्यांना ठाऊक नव्हता. लग्नाचा बस्ता बांधायला आलेली माणसं मागं लागायची, "आप्पा, आवरा की जरा, येडशीची जीप निघंल." आप्पा आणखी एक गठ्ठा खाली घ्यायचे. "निघू दे की. दुसरी येती. कापड काय पळून चाललंय का?"

मी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट आहे. मळीपासून अल्कोहोल काढायचं आमचं काम. हल्ली ते अल्कोहोल पेट्रोलमध्ये मिसळायला जातं. आप्पा मला नावानं कधीच हाक मारायचे नाहीत. "केमिष्ट" म्हणायचे, आणि ते म्हणताना डोळा बारीक करायचे, जणू मी चोरून भट्टी लावतो.

एका सकाळी त्यांनी बोळातून हाक दिली. "केमिष्ट, इकडं ये. तुला एक मढं दाखवतो."

घराशेजारी त्यांचं जुनं सरकीचं गोदाम होतं. ते उघडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आत ताडपत्रीखाली एक लाल गाडी होती. दोन दारं, दोनच माणसांची जागा, लांब नाक, जमिनीला पोट टेकलेलं. परदेशी बनावटीची स्पोर्ट्स कार. सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती आणि आमच्याकडं रागानं बघत होती.

"कुणाची हो ही?"

"चन्नूची," आप्पा म्हणाले, आणि कोंबडीला न उठवता ताडपत्री परत ओढली.

चन्नप्पा म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ. तरुणपणी हैदराबादला एक गृहस्थ देश सोडून चालले होते, त्यांच्याकडून त्यानं ही गाडी घेतली आणि धुरळा उडवत ढोकीत आणली. पुढं तो हैदराबादलाच स्थायिक झाला. गाडी वीस-बावीस वर्षं इथंच पडून. भावाभावांत बोलणं नव्हतं. का नव्हतं ते आप्पांनी बऱ्याच दिवसांनी सांगितलं.

त्या आठवड्यात मात्र फोन आला होता. चन्नप्पाच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या, डायलिसिस चालू झालं होतं. इतक्या वर्षांनी भावाचा आवाज ऐकला तो असा, आणि त्यानं विचारलं काय, तर "अण्णा, गाडी हाय का इकली?"

"हाय."

"मग चालू कर की. मी येतो. रामलिंगच्या देवळात जाऊन येऊ. चालवणार मी, हां. तू शेजारी बसायचं."

एवढंच बोलणं. त्यावर पासष्टी ओलांडलेल्या, आयुष्यात पाना हातात न धरलेल्या माणसानं गाडी दुरुस्त करायला घेतली.

आधी जलील मिस्त्रींना बोलावलं. ते ट्रॅक्टरचे मिस्त्री. त्यांनी वाकून आत पाहिलं आणि टोपी काढली. "आप्पा, ये गाडी नहीं, मय्यत है. दफन करो."

"मिस्त्री, इंजिन फिरतंय का न्हाय तेवढं बघा. रडायचं काम आमच्याकडं असू द्या."

इंजिन हातानं फिरलं. जाम झालेलं नव्हतं. मिस्त्रींनाही नवल वाटलं. बाकीचं आप्पांनी मोबाइलवर परदेशी लोकांचे व्हिडिओ बघून शिकून घेतलं. त्यांची भाषा कळायची नाही. आप्पा आवाज बंद करून नुसते त्यांचे हात बघायचे. पूजा आटोपली की गोदामात, दुकान उघडायची वेळ झाली की बाहेर. गाडीखाली जाताना जमिनीवर कोरा मांजरपाट अंथरायचे आणि पांढऱ्या सदऱ्यानिशी आडवे व्हायचे. आक्का, म्हणजे त्यांची बायको, दारात उभ्या राहून ओरडायच्या, "अहो, तो सदरा कोण धुणार?"

"दुकान कशाचं हाय आपलं?" खालून आवाज यायचा. "दुसरा काढ."

काढलेल्या प्रत्येक वायरीला आणि नळीला ते रंगीत कापडाची चिंधी बांधायचे. लाल चिंधी पहिल्या प्लगची, पिवळी दुसऱ्याची, असं. मिस्त्री आकडे घालतात, आप्पांनी रंग घातले. "आकडा मी इसरंन, रंग न्हाय इसरणार," असं मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते. आणि पहिल्यांदा गाडी चालू करायची वेळ आली तेव्हा गोदामातल्या अंधुक उजेडात त्यांनी वांगी रंग आणि आमसुली रंग यांची अदलाबदल केली. किल्ली फिरवली आणि असा बार उडाला की दुकानात बस्त्याला आलेलं अख्खं वऱ्हाड रस्त्यावर. कुणाची तरी म्हैस दावं तोडून थेट स्टँडपर्यंत गेली. पुढं कित्येक दिवस आप्पांनी लुगडं दाखवलं की बायका विचारायच्या, "आप्पा, हे वांगी हाय का आमसुली? नीट बघून सांगा बरं." आप्पा लाल व्हायचे आणि मग स्वतःच सगळ्यात जास्त हसायचे.

पेट्रोलचं मात्र मीच त्यांच्या डोक्यात घातलं. एकदा ते नळ्या बघत होते. टाकीपासून इंजिनाकडं जाणारी रबरी नळी मूळची, गाडीच्या जन्मापासूनची होती. आप्पांनी ती काढली, पिळली, वाकवली, कापडाचा पोत बघतात तशी अंगठ्याखाली फिरवली. कुठं चीर नव्हती. मी म्हणालो, "नळी चांगली आहे, पण आजच्या पेट्रोलला टिकायची नाही. त्यात अल्कोहोल असतं. हे जुनं रबर त्यानं फुगतं, मऊ पडतं. टाकीत साचलेला जुना चिकटाही सुटून पुढं जातो."

"म्हणजे तू बनवतोस ते माझ्या गाडीला चालत न्हाय?"

"नाही चालत."

"मग काढ की त्यातलं. घालता तुमीच, काढा पण तुमीच."

म्हणून मी त्यांना दाखवलं. उंच काचेच्या बरणीत पंपावरचं पेट्रोल घ्यायचं, त्यात पाणी घालायचं, हलवायचं आणि ठेवून द्यायचं. अल्कोहोल पाण्याकडं ओढलं जातं आणि पाण्याबरोबर खाली बसतं. वर नितळ पेट्रोल उरतं. ते नळीनं वरच्यावर काढून घ्यायचं, तळाचं घ्यायचं नाही. आप्पांना हे फार आवडलं. कापडवाला माणूस, त्यानं त्याला "पेट्रोल धुणं" असं नाव दिलं. मागच्या अंगणात सकाळी हे धुणं चालायचं आणि तोवर घरात काडी पेटवायला बंदी. आक्का वैतागून विचारायच्या, "झाली का तुमच्या पेट्रोलाची आंघोळ? मला चहा ठेवायचाय."

धुतलेल्या पेट्रोलवर त्या जुन्या नळीनं पाच-सहा महिने एक थेंब गाळला नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय.

त्या गाडीला दोन कार्बोरेटर होते, शेजारी शेजारी. दोघांनी सारखा श्वास घ्यायला हवा, नाहीतर इंजिन लंगडतं. आप्पा प्लॅस्टिकच्या नळीचं एक टोक कानाला लावायचे, दुसरं एकेका कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचे आणि आत ओढल्या जाणाऱ्या हवेचा आवाज ऐकायचे. एकाला ते थोरला म्हणायचे, दुसऱ्याला धाकटा. "थोरला लई ओढतोय बघ. धाकट्याला मिळंना." मग स्क्रू इवलासा फिरवायचे. पुन्हा ऐकायचे. दुकानात गिऱ्हाइक ताटकळलेलं असायचं. शेवटी दोन्हीकडचा आवाज सारखा झाला की डोळे मिटून म्हणायचे, "साकु."

अशाच एका सकाळी, कानातली नळी न काढता, त्यांनी मला चन्नप्पाचं सांगितलं. वडील गेल्यावर दुकान दोघांचं झालं. चन्नू दिवसभर गाडीत, आप्पा गादीवर. एक दिवस आप्पांनी गाडीची चावी काढून घेतली. म्हणाले, वर्षभर गादीवर बसून दाखव, मग चावी घे. चन्नूनं त्याच दिवशी पिशवी भरली. दुपारच्या गाडीनं हैदराबादला गेला.

"मला वाटलं, येईल परत. पळून पळून कुठं जाणार?" आप्पा म्हणाले. मग स्क्रू जरासा फिरवून, "चावी माझ्याजवळच राहिली, केमिष्ट. काय केलं मी तिचं? मला गाडी चालवता पण येत न्हाय."

खरंच येत नव्हती. गाडी तपासायला बाहेर काढायची तर चालवायचो मी. आप्पा शेजारी गुडघे छातीशी घेऊन बसायचे. तेरच्या रस्त्याला लागलो की डोळे मिटून नुसतं इंजिन ऐकायचे. मी एकदा म्हणालो, "आप्पा, शिका की आता. मी शिकवतो." तर म्हणाले, "ती जागा माझी न्हाय."

पाडव्याला चन्नप्पा येणार असं ठरलं. एका डायलिसिसनंतर दुसरं होईपर्यंत मध्ये जो मोकळा दिवस मिळतो, तेवढ्यात येऊन जायचं. लग्नसराई तोंडावर आली होती, आप्पांना गादीवरून उठता येईना. मला म्हणाले, "तेवढी टाकी भरून ठेव. धुवून भर."

आमचा हंगाम संपत आला होता, डबल शिफ्ट करून मी घरी आलो होतो. कॅन पंपावरून भरून आणले. बरणी अंगणातल्या फळीवर होती. ती काढायची, पाणी, हलवणं, थांबणं, पुन्हा पुन्हा, टाकीभर. ऊन डोक्यावर आलं होतं. मला वाटलं, एका टाकीनं काय होतंय. ज्याला यातलं काही कळत नाही त्यानं असं म्हणावं तर ठीक. मला नेमकं ठाऊक होतं काय होतंय. मी कॅन तसेच टाकीत उपडे केले आणि घरी जाऊन झोपलो.

संध्याकाळी दुकानात आप्पांनी चहा मागवला. "धुतलंस ना रे?" दुसरं कुठलं काम असतं तर त्यांनी विचारलंही नसतं, पण हे विचारलं. मी म्हणालो ते वर सांगितलंय.

पाडव्याला चन्नप्पाला ताप आला. येणं लांबलं. गाडी चैत्राच्या उन्हात तापलेल्या गोदामात त्याच पेट्रोलवर तीन आठवडे उभी राहिली. मला रोज वाटायचं, उपसून टाकावं. पण उपसायचं तर का, ते सांगावं लागलं असतं.

मग तो आला. आप्पांची हाडं, पण त्यावर मांस नाही. बायको, सुवर्णावहिनी, हाताला धरून त्याला उतरवत होत्या. गोदामाच्या दारात तो थांबला. लाल रंग चमकत होता, आप्पांनी मलमलीनं पुसून पुसून चमकवला होता. चन्नप्पा म्हणाला, "अण्णा, हिला आणताना पण एवढी नवी न्हवती."

आप्पांनी चावी त्याच्या हातावर ठेवली. मग स्वतः शेजारच्या जागेवर जाऊन बसले.

गाडी एका फटक्यात चालू झाली. मी मोटारसायकलवर मागं होतो. बाजारपेठेतून माणसं हात करत होती. चन्नप्पाची मान ताठ झालेली मला मागून दिसत होती. कारखान्याच्या फाट्यापर्यंत गाडी गेली, तिथं दोनदा अडखळली आणि पेट्रोलचा वास आला. आप्पा ओरडले, "बंद कर, चन्नू! उतर, उतर!" त्यांनी बॉनेट उघडलं. नळीला हात लावला तर ती हातात आली, शिजलेल्या भेंडीसारखी बुळबुळीत. खाली डांबरावर पेट्रोल टपटपत होतं. उरलासुरला ऊस नेणारे ट्रॅक्टर थांबले, ड्रायव्हर खाली उतरून विचारायला लागले, धक्का मारायचा का.

चन्नप्पा दगडावर बसला होता. वहिनींनी त्याच्या डोक्यावर पदर धरला होता. तो हसला. "अण्णा, तू कापड फाडायलाच बरा. होगली, जाऊ दे. पुढच्या वेळी जाऊ." हसता हसता त्याला धाप लागली. जीप थांबवून त्याला घरी नेलं, आणि दुसऱ्या दिवशी हैदराबादला. पुढची वेळ आली नाही. आषाढात तो गेला.

मला वाटत होतं आप्पा मला विचारतील. त्यांनी विचारलं नाही. मी धुतलेलं भरलं म्हणालो होतो, म्हणजे धुतलेलंच होतं. मग दोष नळीचा, आणि नळी ठेवणारे ते. गिऱ्हाइकानं गाडीचा विषय काढला की ते हातातलं कापड खाली ठेवायचे. "म्या जुनी नळी ठिवली. नवी आणायची सोडून जुनीच घासूनपुसून लावली. माझ्या भावाची एवढीच एक इच्छा होती बघा." अनोळखी माणसालाही सांगायचे. लोक ओशाळून कापडाकडं बघायचे. गोदामाला पुन्हा कुलूप लागलं. गिऱ्हाइकानं घाई केली की ते आता खरंच घाई करायचे.

आक्कांनी मला बोळात गाठलं. "तुम्ही तरी समजावा हो. नळीनं काय माणूस मरतो?"

"सांगतो," मी म्हणालो, आणि सांगितलं नाही. आप्पा मला तेव्हाही रोज चहाला बोलावत होते.

गेल्या माघात चन्नप्पाच्या मुलीचं लग्न ठरलं. वहिनींचा फोन आला, बस्ता आप्पांच्याच दुकानातून हवा आणि बापाच्या जागी आप्पाच उभे हवेत. आप्पांनी एकेक साडी निवडून गठ्ठे बांधले आणि माणसाबरोबर हैदराबादला पाठवायला ठेवले. स्वतः जाणार नाही म्हणाले. आक्का रडल्या, भांडल्या. त्यांचं एकच. "त्या पोरीपुढं कुठल्या तोंडानं उभा राहू? तिच्या बापाला मी रस्त्यावर उन्हात बसवला."

हे ते बाजाराच्या दिवशी, भर दुकानात बोलत होते. मी गादीच्या कडेला होतो. हातातला कप मी खाली ठेवला.

"आप्पा, ते पेट्रोल मी धुतलं नव्हतं."

त्यांना आधी कळलंच नाही. मी पुन्हा सांगितलं, आणि सगळं सांगितलं. कॅन, ऊन, झोप, तीन आठवडे. गिऱ्हाइकं ऐकत होती. ज्यांना दोन वर्षं आप्पांनी नळीचं सांगितलं होतं, त्यांतली बरीच तिथं होती.

आप्पांनी विचारलं, "म्हणजे नळी चांगली होती?"

"चांगली होती, आप्पा."

"माझी नळी चांगली होती." या वेळी त्यांनी विचारलं नाही. हाताखालची साडी उगाचच घडी मोडून पुन्हा घातली. मी त्यांचे पाय धरायला वाकलो तर त्यांनी पाय मागं घेतले.

"माझी माफी मागू नको. मी जिवंत हाय, मला काय, मी ऐकून घेईन. चन्नू ते मनात घेऊन गेला. हसत गेला, पण घेऊनच गेला की अण्णाला जमलं न्हाय." त्यांनी साडी बाजूला सारली. "फोन लाव. सुवर्णाला सांग. इथंच बसून, सगळ्यांसमोर सांग. सांगून झालं की ऊठ, आणि परत या दुकानात येऊ नको."

आक्कांनी फोन लावून माझ्या हातात दिला. आप्पांनी स्पीकर चालू केला आणि माझ्या शेजारी मांडी घालून बसले, मान खाली, डोळे मिटलेले, कान फोनकडं. वहिनी "हॅलो, हॅलो" म्हणत होत्या. मी माझं नाव सांगितलं आणि पेट्रोलचं काढायला लागलो.

"नळीचं आधी सांग," आप्पा म्हणाले.

"वहिनी," मी म्हणालो, "आप्पांनी लावलेली नळी चांगली होती. गाडी त्यांनी चांगली केली होती, रामलिंगला जाऊन परत आली असती. त्यात नको ते पेट्रोल मी भरलं, कंटाळा आला म्हणून, आणि आप्पांना खोटं सांगितलं. चन्नप्पांना त्या दिवशी उन्हात बसवलं ते मी. आप्पांनी नाही. मला माफ करा."